तीस वेळा पहिलाच दिवस

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

आयोजकांनी मला 'तरुण आणि व्यसनमुक्ती' असा विषय दिला होता. मी म्हटलं, यावर बोलायचा माझा काय अधिकार? मी डॉक्टर नाही, मौलाना नाही, समुपदेशक नाही. सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. तर ते म्हणाले, "तुम्ही सोडली ना, तेवढं पुरे." त्यामुळे विषय बाजूला ठेवून मी माझ्या छातीबद्दल बोलणार आहे. मधूनच थांबलो तर काळजी करू नका. सलग बोललो की मला दम लागतो, पाणी पिऊन पुढे बोलेन.

मला सीओपीडी आहे. श्वासनलिका कायमच्या आकसतात आणि फुप्फुसातली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, असा हा आजार. तो बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो. साधारण पन्नाशी-साठीत दिसणारा हा आजार मला पस्तिसाव्या वर्षी निघाला. लोकांना वाटतं दम लागतो म्हणजे हवा आत जात नाही. तसं नाही. हवा आत जाते, पण बाहेर येत नाही. जुनी हवा आत अडकून राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. इथे बसलेल्या इंजिनियर मंडळींना एका शब्दात सांगतो: मेमरी लीक. प्रोग्रॅम मेमरी घेत राहतो, सोडत नाही. सुरुवातीला काहीच कळत नाही. मग एक दिवस साधा जिना चढताना सिस्टीम हँग होते.

माझी सिस्टीम २०२२ च्या पावसाळ्यात ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर हँग झाली. लिफ्ट बंद होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे सहकारी बोलत बोलत वर गेले आणि मी दुसऱ्या मजल्यावर मोबाइल पाहण्याचं सोंग करत उभा राहिलो. हे सोंग मला चांगलं जमत होतं, कारण दोन वर्षं मी तेच करत आलो होतो. खोकला तर त्याआधीपासून होता. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं खोकून कफ काढायचा हा माझ्या दृष्टीने दात घासण्यासारखाच रोजचा भाग होता. कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं. पुण्याची हवा. मेट्रोच्या कामाची धूळ. एसी. वातावरण बदललंय ना. सिगारेट सोडून जगातली प्रत्येक गोष्ट माझ्या खोकल्याला जबाबदार होती.

शेवटी पत्नीने धरून डॉक्टरकडे नेलं. आधी टीबीची तपासणी झाली. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या मोहल्ल्यात कुणी महिनाभर खोकला की पहिली शंका टीबीचीच येते आणि ती यायलाच हवी, कारण टीबी वेळेत सापडला तर बरा होतो. माझ्या थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, एक्स-रे साफ होता. मला इतका आनंद झाला की रिपोर्ट घेऊन बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर जाऊन एक सिगारेट ओढली. शुक्र अदा करण्याची ही माझी पद्धत!

डॉक्टरांना मात्र आनंद झाला नव्हता. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती?" मी म्हटलं, "तीन-चार." त्यांनी पत्नीला बाहेर बसायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं, "आता सांगा." मी म्हटलं, "दहा-बारा." सतरा वर्षांपासून. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. दिवसाला वीसचं एक पाकीट असं वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर धरतात. माझी साधारण दहा भरली. मग त्यांनी मला एका मशिनला जोडलेल्या नळीत फुंकायला लावलं. पूर्ण श्वास घ्या, जोरात सोडा, सोडत राहा, सोडत राहा. वाढदिवसाची मेणबत्ती विझवण्यासारखं वाटतं, पण सहा सेकंद. त्यानंतर श्वासनलिका उघडणारं औषध ओढायला दिलं, वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं.

या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. एक्स-रे साफ असतानाही फुप्फुसं बिघडलेली असू शकतात, ते यात कळतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, या दोन आकड्यांचा भागाकार औषधानंतरही ०.७० च्या खाली असेल तर श्वासनलिका अडलेल्या आहेत असं समजतात. माझी पहिल्या सेकंदाची हवा २.३ लिटर होती, एकूण ३.६ लिटर. भागाकार ०.६४. वय आणि उंचीच्या मानाने अपेक्षित होतं त्याच्या ६६ टक्के. मी आयुष्यभर परीक्षेत फर्स्ट क्लास मिळवला होता. डॉक्टर म्हणाले, हा फर्स्ट क्लास चांगला नाही.

मी विचारलं, दहा पॅक-इयरमध्ये इतकं होतं का? ते म्हणाले, नेहमी नाही होत. रक्ताची एक तपासणी केली, आनुवंशिक कमतरता आहे का पाहायला. नव्हती. मग त्यांनी लहानपण विचारलं, आणि इथून गोष्ट अब्बांकडे जाते.

मी इचलकरंजीचा. अब्बांनी तीस वर्षं यंत्रमागावर काम केलं. बारा-बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. ज्यांनी मागाचा कारखाना आतून पाहिलाय त्यांना सांगायला नको. आवाज एवढा की माणसं खुणांनी बोलतात. आणि हवेत कापसाचे तंतू. पाळीवरून अब्बा यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या, लहानपणी मला त्याचं हसू यायचं. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो आणि तिथेच एका कोपऱ्यात अभ्यास करायचो. घरी माझ्या आठव्या-नवव्या वर्षापर्यंत चूल होती, धुराने काळी झालेली एकच खोली होती आणि दोनदा मला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले, "तुमची फुप्फुसं पूर्ण वाढायच्या आधीच थोडी मार खाऊन आली होती. इतरांना जेवढी सिगारेट पचते तेवढी तुम्हाला पचणार नव्हती." मग म्हणाले, "अर्थात, पचत कुणालाच नाही."

अब्बांनी आयुष्यात बिडी ओढली नाही, तंबाखू खाल्ली नाही. तरीही साठीच्या आत त्यांना इन्हेलर लागला. भारतात असे पुष्कळ रुग्ण आहेत, ज्यांनी कधीच ओढली नाही आणि तरी ज्यांची छाती चुलीच्या धुराने, गिरणीच्या धुळीने, खाणीच्या भुकटीने गेली. ते त्यांच्या हातात नव्हतं. माझ्या होतं. मला त्या कारखान्यातून बाहेर काढावं म्हणून अब्बांनी जादा पाळ्या केल्या, फी भरली, हॉस्टेलला ठेवलं. त्यांनी मला धुळीतून बाहेर काढलं आणि मी बाहेर जाऊन पैसे देऊन धूर विकत घेतला. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. मरणाची भीती वगैरे नंतर आली.

पाणी घेतो.

आता, लागली कशी? इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या गच्चीवर. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांची गोष्ट सारखीच असते. टिकली कशी, त्यात मात्र सांगण्यासारखं आहे.

पुण्यात नोकरी लागली. टीममध्ये मी एकटा मुसलमान. लोक चांगले होते, पण सुरुवातीला एक अंतर असायचं. डब्यात काय आणलंय, शुक्रवारी कुठे जातोस, घर कुठल्या भागात मिळालं. फ्लॅट पाहायला गेल्यावर नाव ऐकून 'आत्ताच गेला' असं सांगणारे मालक मला भेटले होते, तसे तुमच्यापैकीही अनेकांना भेटले असतील. पण कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर हे काही नसायचं. तिथे मॅनेजर, टेस्टर, ड्रायव्हर सगळे एका बाकड्याभोवती उभे. कुणी तरी काडी पुढे करतो, तुम्ही ओठ पुढे करता आणि त्या पाच मिनिटांत तुम्ही त्यांच्यातले असता. कुठल्या प्रोजेक्टला माणसं हवीत, कुणाला ऑनसाइट पाठवणार, हे मला तिथेच कळलं. मला पहिली बढती त्या टपरीवरच्या ओळखीतून मिळाली, हे मी नाकारणार नाही. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं "सिगारेट सोडणं म्हणजे फक्त इच्छाशक्ती लागते", तेव्हा मला वाटतं की या माणसाला सिगारेट त्या मुलाला काय देत असते ते माहीत नाही. सोडल्यावर मी पहिले दोन महिने टपरीवर गेलोच नाही आणि त्या काळात एक चांगला प्रोजेक्ट माझ्या हातून गेला. हे नुकसान खरं होतं.

दुसरी गोष्ट घरची. आपल्यात मोठ्यांसमोर कुणी ओढत नाही. ही आपल्याकडची अदब. सतरा वर्षांत अब्बांसमोर मी एकदाही पेटवली नाही. इचलकरंजीला गेलो की पान खातो असं सांगून बाहेर पडायचो, बडीशेप चघळत परत यायचो. मला याचा अभिमान होता, पाहा किती अदब ठेवतो! ती लपवाछपवी होती. कुणाला माहीतच नसेल तर सोडायला मदत कोण करणार? खोकला ऐकून "बेटा, तपासून घे" असं कोण म्हणणार? माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मी घरी आलो की ती धावत यायची आणि मी तिला टाळून आधी बेसिनकडे जायचो. तिला वाटायचं, अब्बूला बाहेरून आल्यावर हात-तोंड धुवायची फार आवड आहे.

तिसरी ढाल दीनची. टपरीवर एखादा मित्र म्हणायचा, "तुमच्यात तर हे चालत नाही ना?" माझं उत्तर पाठ होतं: "मकरूह आहे, हराम नाही." या मसल्यावर बोलायचा मला काही अधिकार नाही. एवढं माहीत आहे की जुन्या उलमांमध्ये यावर मतभेद होते आणि नुकसान सिद्ध झाल्यावर आजचे अनेक उलमा हराम म्हणतात. माझा मुद्दा वेगळा आहे. मकरूह या शब्दाचा अर्थ 'नापसंत' असा असताना मी तो 'परवानगी' असा वापरत होतो. बारीकसारीक मसल्यांमध्ये मला एरवी शून्य रस होता. नमाजच्या मसल्यांचं पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं, पण या एका मसल्यावर मी मुफ्ती होतो.

आणि चौथी ढाल, सगळ्यात मजबूत. रमजान.

"मी व्यसनी नाही. रमजानमध्ये बघ, चौदा तास हात लावत नाही. मनात आणलं तर कधीही सोडीन." तुमच्यापैकी जे ओढतात त्यांनी हे वाक्य म्हटलेलं असणार. मी सोळा रमजान म्हटलं. डॉक्टरांनाही म्हटलं. ते मुसलमान नव्हते, पण त्यांच्याकडे आमचे बरेच पेशंट येत असावेत, कारण त्यांनी लगेच विचारलं, "आणि इफ्तारनंतर?"

इफ्तारनंतर काय होतं ते सांगतो. खजूर, दोन घोट पाणी, मगरिब आणि मशिदीच्या मागच्या गल्लीत पहिली सिगारेट. डोकं गरगरतं, हात थंड पडतात, भिंतीला टेकावं लागतं. त्यानंतर तरावीहपर्यंत तीन, तरावीहनंतर गप्पांमध्ये चार आणि सहेरीची वेळ संपायच्या आधी घाईघाईने दोन. दिवसाचा कोटा मी रात्रीत भरून काढत होतो.

डॉक्टरांनी मला निकोटिनचं गणित समजावलं. मी इंजिनियर असल्यामुळे ते गणित मला कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पटलं. धूर आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रोजाचे चौदा तास म्हणजे सात वेळा निम्मं. शंभर असेल तर इफ्तारला एकही उरत नाही. म्हणजे शरीर दिवसभरात जवळजवळ रिकामं होतं. इथपर्यंत मी बरोबर होतो. पण तलफेचा खरा जोर, चिडचिड, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. मी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत गेलोच नव्हतो. संध्याकाळी सगळं पुन्हा शून्यावर आणत होतो. तीस दिवसांत मी तीस दिवस सोडली नव्हती. मी पहिलाच दिवस तीस वेळा केला होता. सोळा वर्षांचे धरले तर जवळपास पाचशे वेळा.

आणखी एक फरक आहे, तो डॉक्टरांनी सांगितला नाही, मला नंतर कळला. रोजात संध्याकाळची वेळ ठरलेली असते. मगरिब किती वाजून किती मिनिटांनी ते टाइमटेबलवर छापलेलं असतं, भिंतीवर लावलेलं असतं. माणूस मिनिटं मोजत चौदा तास काढू शकतो. सिगारेट सोडण्याला मगरिब नसते.

मी पहिल्यांदा सोडली २०२३ च्या जानेवारीत. गम नाही, गोळी नाही, कुणाचा सल्ला नाही. मर्दासारखी सोडायची, असं ठरवून. चोवीस दिवस टिकली. मग अब्बांची छाती भरली. रात्री त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर चालू केला. पहाटे जरा स्थिर झाले. मी चहा प्यायला गेटबाहेर आलो आणि चहावाल्याकडून एक सुटी सिगारेट घेतली. (महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे. त्या बंदीबद्दल वेगळं भाषण होईल.) आत फुप्फुसाच्या आजाराने झुंजणारे वडील, खिशात माझा स्वतःचा रिपोर्ट आणि मी गेटवर धूर काढतोय. परत वॉर्डात गेलो. अब्बा जागे होते. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी मास्क जरा बाजूला केला आणि आमच्या दख्खनीत एवढंच म्हणाले, "हात धोको आ."

त्यांना सतरा वर्षं माहीत होतं.

मी हात धुऊन आलो आणि त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. किती ओढतो, कधीपासून आणि हेही की मलाही तोच आजार निघालाय. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "कौनसा पंप दिये तुझे?" मी खिशातून काढून दाखवला. एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा होता. फक्त त्यांचा डोस जास्त. मग त्यांनी मला तो कसा ओढायचा ते दाखवलं, कारण मी चुकीचा ओढत होतो. दाबायचं आणि श्वास घ्यायचा, यात माझी वेळ चुकत होती, अर्धं औषध तोंडातच राहत होतं. डॉक्टरांनी दाखवलं होतं, पण मी नीट पाहिलं नव्हतं. सहावी शिकलेल्या अब्बांनी मला ते शिकवलं.

पुढची तारीख आम्ही दोघांनी ठरवली. २०२३ चा पहिला रोजा २४ मार्चला, शुक्रवारी येणार होता. मी मंगळवारी, २१ तारखेला सोडायची. म्हणजे सगळ्यात वाईट तीन दिवस रमजानच्या आधी संपतील आणि मग दिवस सांभाळायला रोजा असेल. दिवसाचं मला जमतं, हे सोळा वर्षांत सिद्ध झालंच होतं. प्रश्न रात्रीचा होता. तिथे मदत घ्यायची.

मदत म्हणजे निकोटिनचा गम. मेडिकलमध्ये मिळतो, पण किती मिलिग्रॅमचा आणि दिवसाला किती, ते डॉक्टरांना विचारा. आणि तो च्युइंगगमसारखा चावायचा नसतो. मी पहिल्या दिवशी तसाच चावला, उचक्या लागल्या, छातीत जळजळलं. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडा चावायचा. आधी-नंतर पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाही तर औषध नीट शोषलं जात नाही. इफ्तारनंतर एक, तरावीहनंतर एक, रात्री एक. रोजात अर्थात नाही. डॉक्टरांनी गोळीचाही पर्याय सांगितला होता, मला गमवर भागलं. चार महिन्यांत तोही सुटला.

दुसरी मदत, पाकिटावर छापलेला नंबर. १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या भयानक चित्राने आणि इशाऱ्याने भरलेला असतो, २०१६ पासून. आम्ही ओढणारे ते चित्र बघायचंच नाही अशी सवय डोळ्यांना लावून घेतो. २०१८ पासून त्यावर हा नंबरही छापतात, फुकट आहे. मी हजारो पाकिटं उघडली, नंबर एकदाही वाचला नव्हता. फोन केला, हिंदीत बोललो. समोरच्या बाईंनी उपदेश केला नाही. तलफ कधी येते, तेव्हा कुठे असता, कोण सोबत असतं, असे प्रश्न विचारले. सोडायची तारीख लिहून घेतली. आठवड्याने त्यांचाच फोन आला, "कसं चाललंय?" सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला फॉलोअप म्हणतो आणि आमच्याकडे तो कुणी करत नाही.

तिसरी मदत, मशिदीतले दोन मित्र. मी त्यांना सांगितलं की तरावीहनंतर मला मागच्या गल्लीत जाऊ देऊ नका. ते स्वतः ओढायचे. तरी महिनाभर मला घरापर्यंत सोडायला आले आणि मग कोपऱ्यावर जाऊन ओढायचे. हसू नका, फार मोठी गोष्ट आहे ती.

सगळ्यात धोक्याचा दिवस ईदचा निघाला. महिना संपला, गावाकडे सगळे जुने मित्र, शीरखुर्मा झाला आणि एकाने नेहमीसारखी पाकिटातली एक पुढे केली, "अब तो रमजान गया." मी गमचं पाकीट काढलं. त्याने विचारलं, हे काय? मी सांगितलं, आजार सांगितला, आकडा सांगितला. सगळे गप्प झाले. मग त्यातला एक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मलाही जिना चढताना होतं." तो रंगकाम करतो, चौतीस वर्षांचा आहे. त्याला आम्ही पुढच्या आठवड्यात नळीत फुंकायला नेलं.

आता सोडून पावणेतीन वर्षं होत आली. काय परत मिळालं? फुप्फुसं परत मिळाली नाहीत. १९७७ मध्ये फ्लेचर आणि पेटो या दोन ब्रिटिश संशोधकांनी लंडनमधल्या नोकरदार पुरुषांच्या आठ वर्षांच्या मोजमापांवरून एक आलेख काढला होता. डॉक्टरांनी मला तो कागदावर काढून दाखवला. तरुणपणानंतर प्रत्येकाची फुंक थोडी थोडी कमी होत जाते, वर्षाला साधारण २५-३० मिलिलिटर. ज्यांना धूर बाधतो त्यांची रेघ दुपटीने किंवा त्याहून वेगाने खाली येते. सोडल्यावर रेघ वर जात नाही. पण तिचा उतार बदलतो आणि न ओढणाऱ्याच्या रेघेला जवळजवळ समांतर होतो. पस्तिसाव्या वर्षी सोडली तर एक आयुष्य, पंचावन्नाव्या वर्षी सोडली तर दुसरं. मी २.३ वर होतो. मागच्या महिन्यात २.२४ निघाले. डॉक्टर खूश, अब्बा खूश. मला आधी कळेना की कमी झालेल्या आकड्यावर हे दोघे खूश का आहेत.

सकाळचा खोकला गेला. रोज चाळीस मिनिटं चालतो. दरवर्षी फ्लूची लस घेतो. पैशांचंही सांगतो. दिवसाला दोनशे, महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. मी त्या वर्षी जकातीचा हिशेब केला तर जकात त्याहून कमी निघाली होती. तो कागद मी अजून ठेवलाय.

रोजाचं विचाराल म्हणून आधीच सांगतो. मी सध्या रोजे ठेवतो, कारण माझं औषध बारा तासांनी एकदा असल्यामुळे सहेरी आणि इफ्तारच्या वेळेत बसतं. अब्बा ठेवत नाहीत, त्यांना दिवसाही पंप लागतो. पंपाने रोजा तुटतो की नाही यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, तुमच्या आलिमांना विचारा. पण आजाऱ्याला सवलत दिलेली आहे, यावर मतभेद नाहीत. रोजा टिकावा म्हणून पंप न ओढता घुसमटत बसलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि वेळा बसवून घ्या.

हुक्क्याबद्दल दोनच वाक्यं, कारण तुमच्या वयाला सिगारेटपेक्षा त्याचं आकर्षण जास्त आहे. पाण्यातून गेल्याने धूर गाळला जात नाही, थंड होतो, म्हणून जास्त खोल ओढला जातो. आणि तो काही तबर्रुक नाही.

आणि फक्त ओढणाऱ्यांना धरून बसू नका. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सव्वीस टक्क्यांहून जास्त प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, त्यात ओढणारे चार टक्क्यांच्याही आत. बाकीचे मावा, गुटखा, खैनी, मिश्री. माझी दादी आयुष्यभर मिश्री लावायची. तिला व्यसन आहे असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

माझी आपल्या मंडळाकडे एक मागणी आहे. रक्तदान शिबिरं आपण करतोच. वर्षातून एकदा इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणी, मागाच्या कामगारांसाठी नळीत फुंकण्याची तपासणी ठेवू. मशीन मोठं नसतं, एका टेबलावर मावतं, चालवणारा तंत्रज्ञ लागतो. मशिदीत रमजानचं टाइमटेबल लावतो, त्याच्या खाली तो नंबर छापून घेऊ. १८००-११-२३५६, मी मोजलं, दहाच आकडे आहेत. छापायला जागा कमी लागेल.

ज्यांना प्रश्न विचारायचेत त्यांनी विचारा. सर्वांसमोर नको वाटत असेल तर चहाच्या वेळी भेटा, मी खालीच थांबेन. अब्बाही आलेत, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेत. पंप कसा ओढायचा ते कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका, त्यांच्याकडे जा.